मदत हवी आहे: संकराच्या झाडांना फुलं आहेत, पराग नाहीत

रानझुडूप:
दोन रानफुलांचा संकर केला. पहिली पिढी छान आली, बीही धरलं. त्या बियांची झाडं आता फुललीत, तर त्यातल्या बऱ्याच झाडांत परागच नाहीत. सुईने परागकोश उघडून पाहिला: तपकिरी, सुरकुतलेला, आत काहीच नाही. त्याच बोंडातल्या बियांचं शेजारचं झाड मात्र सुईला पिवळी पूड लावतंय. कारण आणि उपाय सांगा. पाणी, खत, ऊन व्यवस्थित आहे, ते विचारू नका. बहर संपत आलाय, घाई आहे.

कुंडीवाला:
पाणी रोज घालता का?

रानझुडूप:
वर लिहिलंय हो.

चिकित्सक:
फुलं कुठली ते मात्र नाही लिहिलंत.

खटपट्या:
नावं कशाला हवीत? संकर वांझच निघतो, खेचर बघा. कोल्चिसिन हे रसायन लावा, गुणसूत्रं दुप्पट होतील, बी धरेल. लंडनच्या क्यू बागेतला प्रिम्युला क्युएन्सिस हा फुलझाडांचा संकर असाच वांझ होता, गुणसूत्रं १८ ची ३६ झाली आणि झाड बी द्यायला लागलं.

भिंगवाली:
खेचर पहिल्याच पिढीत अडतं. यांची पहिली पिढी बी देऊन मोकळी झाली, बिघडलंय दुसऱ्या पिढीत. हे वेगळं प्रकरण आहे. @रानझुडूप, नावं द्या. आणि आई कोण होती, म्हणजे बी कुणावर धरलं?

रानझुडूप:
मिम्युलस गटॅटस आणि मिम्युलस नॅसुटस. मोठं फूल हवं आणि मधमाशीविना बी धरायला हवं, म्हणून केलं. आई कोण याने काय फरक पडतो? जनुकं दोघांची निम्मी निम्मीच येणार ना?

भिंगवाली:
केंद्रकातली निम्मी निम्मी. पेशीद्रव्यातली मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं, त्यांची स्वतःची जनुकं असतात) आईकडूनच येतात, आणि घोळ तिथे असू शकतो. या जोडीवर बरंच काम झालंय, दोन कारणं माहीत आहेत.

एक, गटॅटसच्या काही झाडांच्या पेशीद्रव्यात पराग मारणारा दोष असतो. त्यांच्याच केंद्रकात तो दाबणारं प्रभावी जनुक असतं, म्हणून घरच्या घरी काही दिसत नाही. नॅसुटसकडे ते जनुक नाही. आई गटॅटस असेल तर दुसऱ्या पिढीत साधारण चौथ्या हिश्श्याच्या झाडांना दाबणारं जनुक मिळतच नाही, परागकोश सुकतात. बीजांड मात्र ठणठणीत.

दोन, आई कोणीही असो. गुणसूत्रांवर एचएमएस-१ आणि एचएमएस-२ (hybrid male sterility, संकरातलं नर-वांझपण) अशा जनुकांच्या दोन जागा आहेत. एचएमएस-१ वर गटॅटसची निदान एक प्रत आणि एचएमएस-२ वर नॅसुटसच्या दोन्ही प्रती, एवढं जमलं की नर बाजू जवळजवळ पूर्ण वांझ. पहिल्या पिढीत एचएमएस-२ वर नॅसुटसची एकच प्रत असते म्हणून ती वाचते. दुसऱ्या पिढीत १६ पैकी ३ झाडं सापडतात. यात बी धरण्याची ताकदही घटते.

खटपट्या:
म्हणजे जनुकं खराबच की.

भिंगवाली:
नाहीत ना! दोन्ही आपापल्या घरी निर्धोक आहेत. एकत्र कधी नांदलीच नाहीत, त्यामुळे नैसर्गिक निवडीने ती जोडी गाळलीच नाही. डोबझान्स्की आणि म्युलर या जनुकशास्त्रज्ञांनी सांगितलेलं हेच. आणि कोल्चिसिन इथे व्यर्थ आहे. गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नसतील तिथे त्याचा उपयोग. या दोघांतही १४ जोड्या आहेत. तीच वाईट जोडी दुप्पट करून काय मिळवणार? शिवाय ते जहाल विष आहे, कुंडीत ओतायची वस्तू नव्हे.

खटपट्या:
कार्डिनॅलिस आणि लेविसाय या मिम्युलसमध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांचीच अदलाबदल आहे, तुम्हीही वाचलं असेल.

भिंगवाली:
आहे. पण त्या पोटजातींचा प्रश्न इथे कुणी विचारलाय?

चिकित्सक:
पोटजाती नव्हेत, जाती.

कुंडीवाला:
मिम्युलसचं बी मातीने झाकू नका हं, उजेड लागतो. नुसतं वर भुरभुरायचं.

रानझुडूप:
झाडं फुलावर आहेत! बी उगवून झालं! आई गटॅटस होती. ओरेगॉनच्या आयर्न माउंटनचं बी म्हणून मिळालं होतं.

भिंगवाली:
हे आधी सांगायचं की! पेशीद्रव्याचा दोष तिथल्याच झाडांत सापडलाय, आणि एचएमएस-१ ची ती प्रतही तिथे आहे. दोन्ही शक्य. पराग नसलेल्या फुलांवर गटॅटसचा पराग लावा. बोंडं भरली तर दोष पेशीद्रव्याचा, पोकळ राहिली तर एचएमएसचा संशय धरा.

रानझुडूप:
तसं मागेच करून ठेवलंय, सांगायचं राहिलं. काही झाडांची बोंडं गच्च आहेत, काहींच्या बोंडांत चिमूटभर बी.

भिंगवाली:
मग तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत. दोन्हींचं बी जपा, वेगवेगळं. गटॅटसकडून दाबणारं जनुकही येतं आणि एचएमएस-२ ची चांगली प्रतही, त्यामुळे पुढच्या झाडांत पराग यायला हवेत. मधमाशीविना बी धरायचा गुण हवा असेल तर पराग असलेल्या झाडांतूनच निवड करा. पुढच्या वेळी आई नॅसुटस घ्या, निदान पहिली भानगड टळेल.

खटपट्या:
मी तरी एका फांदीला कोल्चिसिन लावून बघितलं असतं.

रानझुडूप:
चिमूटभर बीवाल्या झाडांचा पराग इतरांवर चालेल का?

भिंगवाली:
पराग आहे का त्यांना? आत्ता तर नाही म्हणालात.