सल्ला हवा: कॉलेजच्या एनएसएससाठी सीपीआरचा डमी, बजेट ८ हजार

सायली_एनएसएस: सांगलीतलं डिग्री कॉलेज. हिवाळी शिबिराआधी पोरांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायचा प्रयत्न, शिकवायचंय. शब्द सगळ्यांना ठाऊक, पण हात कुठे ठेवाल म्हटलं की निम्मे डाव्या बाजूला. एक जण म्हणाला, कांदा हुंगवू. डमी कुठला घ्यावा? ८ हजारांवर प्राचार्यांची सही झालीय, वर एक रुपया मिळणार नाही.

बापू_कुपवाड: लेर्डलची लिटल ॲन, डोळे झाकून. आमच्या कारखान्यात आहे. बजेट वाढवा, जिवापेक्षा पैसा मोठा का?

निखिल_मेक: ८ हजारात लिटल ॲन? बापू, झोपेत आहात का? आम्ही ऑनलाइन स्वस्तातला हाफ बॉडी घेतला, पहिल्याच बॅचला छातीची स्प्रिंग बसली. आता गॅदरिंगच्या नाटकात प्रेताचं काम करतो.

भूलवाला_डॉक्टर: डमीपेक्षा काय शिकवता ते बघा. सामान्य माणसासाठी कोल्स पद्धत आहे, म्हणजे फक्त छाती दाबायची. मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, पोरं हमखास चुकतात ती इथे. आणि माणूस आचके देत असेल तर तो श्वास नव्हे. हाक मारून उठत नसेल तर १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि दाबायला लागा.

मंदाताई: तोंडाने श्वास नाही म्हणजे? आम्हाला होमगार्डमध्ये १५ दाबा, २ फुंका असं शिकवलंय.

भूलवाला_डॉक्टर: ताई, ते २००५ नंतर ३० ला २ झालं. बुडालेल्याला आणि लहान मुलाला मात्र श्वास लागतोच. कृष्णेत उड्या मारणारी पोरं असतील तर हे नक्की सांगा.

जर्सी_१०: डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन २०२१ च्या युरो स्पर्धेत मैदानावरच कोसळला, सीपीआर आणि शॉकने वाचला. आधी एईडी, म्हणजे तो शॉक द्यायचं मशीन, घ्या.

निखिल_मेक: एईडीची किंमत बघ रे, कॉलेज विकायला काढावं लागेल.

मंदाताई: आणि माणूस दगावला तर पोलिसांचं लफडं मागे लागतं त्याचं काय?

जर्सी_१०: रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. मोटार वाहन कायदा, कलम १३४अ, २०१९ ची दुरुस्ती.

बापू_कुपवाड: मी पहिल्यापासून सांगतोय, लिटल ॲन.

सायली_एनएसएस: सगळ्यांचे आभार. एका महागड्या डमीपुढे अख्खी बॅच रांगेत उभी राहणार, दाबायला मिळणार दोघा-तिघांना. म्हणून फुगवायचे चार मागवले, बजेटमध्ये बसले.

बापू_कुपवाड: फुग्यावर शिकवणार? धन्य आहे.

निखिल_मेक: टाचण्या लपवून ठेवा 😀

भूलवाला_डॉक्टर: चालेल. फक्त फरशीवर ठेवा, गादीवर गादीच दबते. आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला.