मदत हवी आहे: कुट्टूच्या बियांतल्या प्रथिनांची आनुवंशिकता कशी तपासू?

नमस्कार मंडळी,

हिमाचलात वनस्पती पैदास विषयात एमएस्सी करतेय. पीक कुट्टू, इकडे त्याला ओगल म्हणतात. (घरी विचारलं की 'उत्तरेतलं उपासाचं पीठ' एवढंच सांगते, पुढचं कोणी विचारत नाही.)

सांगला खोऱ्यातले दोन गावरान नमुने घेतले, एकात प्रथिनं जास्त, एकात कमी. संकर दोन्ही दिशांनी केले: एकदा जास्तवाली आई, एकदा कमीवाली. केल्डालने (नायट्रोजन मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) नायट्रोजन काढून, प्रथिनांचा आकडा मिळवायला ६.२५ ने गुणलं. संकराचं बी ज्या झाडावर धरलं, आकडा त्याच झाडाकडे झुकतो. गाइड म्हणतात, 'मॅटर्नल इफेक्ट' (आईच्या झाडाचा परिणाम) लिही आणि पुढे जा. पण मग पुढच्या पिढीत निवड नेमकी कशाची करायची?

दुसरं म्हणजे एफ-२, संकराची दुसरी पिढी. ओगल स्वतःच्या परागाने बी धरत नाही. पिन फुलात परागवाहिन्या (स्त्रीकेसराच्या दांड्या) लांब नि पुंकेसर आखूड, थ्रममध्ये उलटं, आणि बी धरतं ते या दोघांच्या जोडीतच. 'एफ-१ सेल्फ करा' (पहिल्या पिढीला स्वतःच्याच परागाने बी धरू द्या) हे पुस्तकी वाक्य इथे काय कामाचं? त्यात एका फुलाला एकच बी. कोणी हे पीक हाताळलंय का?

प्रतिसाद: जुना पैदासकार

आधी एक सांगा, केल्डालला बी टरफलासकट दिलं की सोलून?

टरफल म्हणजे फळाची भिंत, ती पूर्णपणे आईची. संकर कोणाशीही करा, त्या बीचं टरफल आईसारखंच येणार. त्यात प्रथिनं नाममात्र. समजा गरात १४ टक्के आणि टरफलात ४ टक्के आहेत. टरफल वजनाच्या २० टक्के असेल तर अख्ख्या बियांचा आकडा १२ येतो, २८ टक्के असेल तर ११.२. गर तोच, तरी जवळपास एका टक्क्याचा फरक! टरफल जाड की पातळ, हीच आनुवंशिकता तुम्ही मोजत असाल.

सोलूनही फरक राहिला तर आईने बियांना किती नायट्रोजन पुरवला ते बघावं लागेल. कुट्टूची प्रथिनं मुख्यतः गर्भात असतात, बीजपत्रं पिठाळ भागातून नागमोडी गेलेली असतात. गर्भात आईबापाचा वाटा निम्मा-निम्मा, पिठाळ भागात मात्र आईचे दोन वाटे, बापाचा एक.

खरा निकाल पुढच्या पिढीत लागेल. दोन्ही दिशांची एफ-१ झाडं शेजारी-शेजारी लावा आणि त्यांच्यावर धरलेलं बी तपासा. फरक मिटला तर तो आईच्या झाडाचा होता. टिकला तर पेशीद्रव्याचा (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग, जो आईकडून येतो) संशय घ्या.

प्रतिसाद: ओगलवाली (धागाकर्ती)

टरफलासकटच दिलं होतं. नमुना थोडा होता, सोलला असता तर केल्डालला पुरला नसता. आणि एफ-२?

प्रतिसाद: जुना पैदासकार

एकाच संकरातली पिन आणि थ्रम बहीण-भावंडं जाळीत एकमेकांशी जुळवा. फुलाचा प्रकार ठरवणारी जनुकांची जोडी थ्रममध्ये मिश्र (Ss), पिनमध्ये शुद्ध (ss), म्हणून संततीत दोन्ही निम्मी-निम्मी मिळतात, जोडीदार कमी पडत नाही. जाळी बारीक हवी, मधमाशी शिरली की सगळं मुसळ केरात. याला काटेकोर एफ-२ म्हणू नका, भावंड-संकर म्हणा. परपरागित पिकात मूळचे आईबापच मिश्र असतात, त्यामुळे तुमची एफ-१ झाडंही एकसारखी निघणार नाहीत. दोन-चार झाडांवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा आणि आई-संतती रिग्रेशन काढा, म्हणजे आईच्या आकड्याबरोबर संततीचा आकडा किती बदलतो ते बघा.

बी झाडाच्या एकाच टप्प्यावरून तोडा. हे पीक खाली पिकत असताना वर फुलतच असतं, आणि लवकरच्या व उशिराच्या बियांचं भरणं सारखं नसतं.

शुद्ध वाण हवेच असतील तर फाफर, म्हणजे कडू कुट्टू, बघा. तो स्वपरागित आहे. मात्र फुलं इतकी बारीक की संकर करताना डोळे फुटतील.