मदत हवी आहे: कॉम्प्युटर लॅबच्या प्रकरणावरून शाळा टीसी घ्या म्हणतेय, सोमवारपर्यंत काय करू?

टिळकवाडीचा_बाप

नमस्कार मंडळी. बेळगावातून घाईत लिहितोय, चुकलंमाकलं समजून घ्या. पोराला शाळेने आठ दिवस वर्गात बसू द्यायचं नाही असं ठरवलंय. शिवाय वर्षभर लॅबबंदी आणि पाच हजार दंड. सोमवारी येऊन मुच्चळिके पत्रावर (हमीपत्रावर) सही करा, नसेल करायची तर टीसी घेऊन जा, असं ऑफिसातून सांगितलं. पत्र कन्नडमध्ये आधीच टाइप करून ठेवलंय, मी नुसती सही ठोकायची. कारण काय तर कॉम्प्युटरचा गैरवापर. एवढी शिक्षा योग्य आहे का? सही करू की नको? अनुभव असेल तर लवकर सांगा.

लॅबवाला_निपाणी

इयत्ता कुठली? बोर्ड कुठलं? शाळा अनुदानित की विनाअनुदानित? आणि मुख्य म्हणजे पोराने केलं काय? गैरवापर म्हटलं की गेम खेळण्यापासून सर्व्हर बसवून टाकण्यापर्यंत सगळं त्यात येतं.

खानापूरचा_पाऊस

सही गिही काय करू नका, सांगून ठेवतो. माझ्या मेहुण्याने अशीच न वाचता केली होती. दोन वर्षांनी फी वाढली म्हणून भांडायला गेला तर तेच पत्र त्याच्या पुढ्यात टाकलं की! तुमच्या मुलाचा रेकॉर्ड बघा म्हणाले. गप घरी आला.

कडोलीची_सून

सगळ्याचं मूळ मोबाइल. आमच्या घरी सातनंतर सगळे मोबाइल देवघराच्या कपाटात. सासऱ्यांचासुद्धा. आधी ते करा, मग शाळेशी भांडा.

टिळकवाडीचा_बाप

@लॅबवाला आठवी, स्टेट बोर्ड, इंग्लिश मीडियम. अनुदान नाही बहुतेक. विशेष काही केलेलं नाही, सरांच्या पासवर्डने लॉगिन केलं एवढंच.

@कडोलीची_सून ताई, शाळेच्या कॉम्प्युटरचा विषय आहे, मोबाइलचा नाही.

लॅबवाला_निपाणी

दादा, "विशेष काही नाही" म्हणता आणि पुढच्याच वाक्यात सरांचा पासवर्ड. त्यातच तर सगळं आलं. पासवर्ड मिळाला कुठून? आत जाऊन उघडलं काय? एकटाच होता का? हे सांगितल्याशिवाय योग्य-अयोग्य कुणी कसं सांगणार?

टिळकवाडीचा_बाप

पासवर्ड सरांच्या मॉनिटरखाली सेलोटेपने चिकटवलेला. शाळेचं नाव आणि पुढे १२३. लॅबमधल्या सगळ्या पोरांना पाठ आहे. चौघे होते. एफए१ च्या (पहिल्या चाचणीच्या) मार्कांची शीट उघडली. पोरगा म्हणतो नुसती बघितली. शाळा म्हणते एका मुलाचे गणिताचे मार्क बदललेत आणि ते आमच्यानेच बदलले, कारण कीबोर्डसमोर तो बसला होता. बाकीच्यांतल्या दोघांना तोंडी ताकीद. चौथ्याला काहीच नाही, त्याचे काका शाळेच्या कमिटीवर आहेत. आता बोला.

निवृत्त_मास्तर

बोलतो. बत्तीस वर्षं शिकवलंय, त्यातली बरीचशी हुक्केरी तालुक्यात. मार्कांच्या कागदाला हात लावणं हा खोडकरपणा नव्हे. आमच्या वेळी मार्कांचं रजिस्टर कपाटात आणि किल्ली हेडमास्तरांच्या धोतराच्या कनवटीला. कुणी हात घातला असता तर पालकांना बोलावून त्याच दिवशी दाखला दिला असता आणि पालकांनीही मुकाट घेतला असता. आज प्रत्येकाला आपलं पोरगं निष्पाप वाटतं. आठ दिवस कमीच आहेत.

मुक्ता_के

मास्तर, तुम्हीच सांगितलंत की किल्ली कनवटीला होती. इथे किल्ली कपाटावरच चिकटवून ठेवली होती. त्या सरांना काय शिक्षा झाली, हे कुणी विचारलं का?

निवृत्त_मास्तर

घराचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं का बाई?

मुक्ता_के

शिरायचं नाही. पण चौघे शिरले आणि एकालाच धरलं, हे कुठल्या न्यायात बसतं ते सांगा.

कोर्टाच्या_मागे

मी वकील नाही, वकिलाकडे टायपिंग करतो. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९, कलम १६ काढून बघा. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवी संपेपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ ला त्या कलमात दुरुस्ती झाली ती पाचवी-आठवीला नापास करण्यापुरती, काढून टाकण्यावरची बंदी आहे तशीच आहे. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई. तुमचा मुलगा आठवीत, म्हणजे टीसीची धमकी फुसकी. छातीठोक सांगा त्यांना.

सीमेवरचा_पत्रलेखक

थांबा, एवढ्यात छाती ठोकू नका. शाळा कुणाची आहे? आपल्या मराठी मंडळींच्या संस्थेची असेल तर तिला भाषिक अल्पसंख्याक दर्जा असू शकतो. अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरवायचं असं सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात म्हटलंय, त्यामुळे कर्नाटकात आपण अल्पसंख्याक. आणि २०१४ च्या प्रमती निकालात म्हटलंय की अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदाच लागू नाही. म्हणजे गंमत बघा, पोराला कलम १६ चं कवच हवं असेल तर आपल्या माणसांच्या शाळेपेक्षा सरकारी कन्नड शाळा बरी!

टिळकवाडीचा_बाप

फाटकावरच्या बोर्डावर भाषिक अल्पसंख्याक संस्था असं लिहिलंय.

सीमेवरचा_पत्रलेखक

झालं मग. कलम १६ वर विसंबू नका.

वडगावचा_विणकर

मराठी संस्था आणि पत्र कन्नडमध्ये? पहिला मुद्दा हाच घ्या हो. दर १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिवस पाळतो आणि आपल्याच संस्था असलं करतात. सात-बारा कन्नडमध्ये, बसच्या पाट्या कन्नडमध्ये, आता पोराची शिक्षाही कन्नडमध्ये!

निपाणी_एक्सप्रेस

आला, सीमाप्रश्न आला. मी वाटच बघत होतो. अहो पत्र बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला दाखवावं लागलं तर म्हणून कन्नडमध्ये केलं असेल. माझी दोन्ही मुलं कन्नड वाचतात, काही बिघडलं नाही त्यांचं.

वडगावचा_विणकर

वाचतात ते ठीक. ज्याची सही घ्यायची त्याला कळायला नको का?

अंगोळची_आई

उद्या पावसाची सुट्टी आहे का कुणाला माहीत? डीसींचा (जिल्हाधिकाऱ्यांचा) मेसेज फिरतोय पण तो मागच्या वर्षीचा वाटतोय.

खानापूरचा_पाऊस

खानापूर तालुक्याला हाय, बेळगाव शहराला न्हाई.

लॅबवाला_निपाणी

परत मूळ विषयावर येऊ या. मी शाळांच्या लॅबची देखभाल करतो म्हणून सांगतो. शाळेकडे पुरावा काय आहे ते आधी विचारा.

बहुतेक शाळांत सगळ्या पोरांना मिळून एकच "स्टुडंट" नावाचं लॉगिन असतं आणि सरांचं एक. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये लॉगिनची नोंद असते, ४६२४ नंबरची. त्यातून मशीन आणि वेळ कळते, खुर्चीत कोण होतं ते कळत नाही. मार्कांची शीट गूगलवर असेल तर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे. कुठला आकडा कधी बदलला ते तिथे दिसेल, पण बदलणाऱ्याचं नाव सरांचंच दिसेल, कारण आत शिरले ते सरांच्या नावाने. आणि साधी एक्सेल फाइल डेस्कटॉपवर पडलेली असेल तर एवढंही हाती लागायचं नाही, शेवटचं सेव्ह कधी झालं तेवढं दिसेल.

म्हणजे "तुमच्यानेच बदलले" हे कॉम्प्युटर सांगत नाही, कुणीतरी माणूस सांगतोय. तो कोण, ते विचारा. राहिलं लॅब रजिस्टर. मशीन नंबर, नाव, वेळ, सही असे रकाने असतात. पण मी बघितलेली बरीच रजिस्टरं तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच पेनने भरलेली असतात. पान मागा. त्या तासाच्या सह्या एकाच शाईत दिसल्या तर तुम्हाला जास्त काही बोलावं लागणार नाही.

ओपन_सोर्स_अण्णा

लॅबमध्ये विंडोजऐवजी लिनक्स असतं तर हे घडलंच नसतं. प्रत्येक पोराला वेगळं लॉगिन, फुकट. मी तीन शाळांना सांगून बघितलं, ऐकत नाहीत.

लॅबवाला_निपाणी

अण्णा, लिनक्सच्या मॉनिटरलाही सेलोटेप चिकटतो.

टिळकवाडीचा_बाप

लॅबवाले, हे कामाचं आहे. एक सांगायचं राहिलं. प्रिन्सिपल म्हणाल्या, सही नाही केली तर सेन पोलीस स्टेशनला (सायबर गुन्हेवाल्या) तक्रार देऊ, हा सायबर क्राइम आहे. बायको त्या दिवसापासून जेवत नाहीये नीट.

खानापूरचा_पाऊस

आता सांगतायसा व्हय हे!

कोर्टाच्या_मागे

हे आधी सांगायचं ना. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, हे खरं. जास्तीत जास्त तीन वर्षं आणि एक लाखापर्यंत दंड. पण मुलगा अठराच्या आतला. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे सगळ्यात खालच्या, किरकोळ वर्गात येतात. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांत म्हटलंय की मुलाने असा गुन्हा केल्याचा आरोप असेल तर एफआयआर करायचा नाही, स्टेशन डायरीत नोंद करून माहिती बाल न्याय मंडळाला पाठवायची. मोठी माणसं सामील असतील किंवा गुन्हा अतिगंभीर असेल तर गोष्ट वेगळी. गणिताचे मार्क त्यात बसत नाहीत. हा कायदा शाळा कुठलीही असो, लागू आहे. वहिनींना म्हणावं जेवून घ्या.

आणि पोलीस आले तर पहिला प्रश्न शाळेलाच विचारतील, पासवर्ड चिकटवला कुणी. हे प्रिन्सिपल मॅडमनाही कळतं.

निवृत्त_मास्तर

पोलिसांची भाषा शाळेने करू नये, एवढं मलाही मान्य. पण मुलाने मार्क खरंच बदलले असतील तर? या प्रश्नाकडे इथे कुणी बघायलाच तयार नाही. बापाने मुलाला एकट्याला समोर बसवून विचारलं का?

टिळकवाडीचा_बाप

विचारलं. मी नाही बदलले, कुणी बदलले ते सांगणार नाही म्हणतो.

मुक्ता_के

म्हणजे त्याला माहीत आहे आणि तो नाव घेत नाही. मास्तर, यावर तुमचं काय म्हणणं?

निवृत्त_मास्तर

माझ्या वर्गात असता तर नाव न सांगितल्याबद्दल छडी दिली असती आणि मनात त्याला मानलंही असतं. आता छडीला बंदी आहे, योग्यच आहे. पण बाई, मी त्याला लॅबबंदी दिली नसती. लॅबबंदीने पोरगं कॅफेत जातं. त्यालाच रोज शाळा सुटल्यावर बसवून सगळ्या मशीनचे पासवर्ड बदलून घेतले असते, शेजारी सर उभे.

लॅबवाला_निपाणी

मास्तर, शंभर टक्के सहमत. फक्त नवे पासवर्ड त्याला दाखवू नका.

सचिन_गॅजेट

आठवीच्या मुलासाठी तीस-पस्तीस हजारात चांगला लॅपटॉप मिळतो, आठ जीबी रॅम आणि एसएसडी बघून घ्या. घरी असला की शाळेच्या लॅबची गरज नाही.

मुक्ता_के

हे कुणी विचारलं?

चंदगडकर

सरळ टीसी घ्या आणि शिनोळीकडे आमच्या बाजूला या. मराठी शाळा, मराठी कागद. राज्य बदलताना दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, तेवढी बीईओ ऑफिसातून घेऊन या.

सीमेवरचा_पत्रलेखक

वर्षाच्या मध्यात आठवीच्या पोराला रोज टिळकवाडीतून शिनोळी? काहीही.

@टिळकवाडीचा_बाप, आता माझं ऐका. त्यांच्या कागदावर सही नको. "मी गुन्हा कबूल करतो" असा मजकूर त्यात आहे का ते कन्नड जाणणाऱ्याकडून आधी ओळ न् ओळ वाचून घ्या. मग स्वतःचा अर्ज लिहा, मराठी नाहीतर इंग्रजीत. मुलगा दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये शिरला, हे चूक झालं, पुन्हा होणार नाही, एवढं मान्य करा. मार्क बदलल्याचं मान्य करू नका. खाली मागा: रजिस्टरचं पान, शिक्षेचा लेखी आदेश, चौघांना दिलेल्या शिक्षा, आणि पाच हजार कुठल्या खात्यात जाणार त्याची पावती. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट. त्यानेही नाही झालं तर बीईओ आणि बाल हक्क आयोग. चाइल्डलाइनचा १०९८ सुद्धा आहे. आणि कमिटीवाल्या काकांचं नाव अर्जात घेऊ नका, "समान वागणूक" एवढा शब्द पुरे, ते बरोबर समजतात.

वडगावचा_विणकर

मराठीतच लिहा.

निपाणी_एक्सप्रेस

इंग्रजीत लिहा, काम होईल.

टिळकवाडीचा_बाप

दोन्हीत लिहिला. आज जाऊन आलो. त्यांच्या पत्रात "मार्क बदलल्याची कबुली" अशी ओळ होतीच, शेजारच्या हिरेमठ सरांनी वाचून सांगितलं. सही केली नाही. रजिस्टर "सापडत नाहीये". दंडाची पावती मागितली तेव्हा क्लार्क मॅडमकडे बघत राहिला, मॅडम पंख्याकडे. दंडाचा विषय तिथेच संपला. पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही. वर्गात उद्यापासून बसू देणार, घरी गेले ते दिवस गेले. लॅबबंदी वर्षभराची होती ती दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत केली, ती मी मान्य केली. मास्तरांची पासवर्डची कल्पना सांगून बघितली, मॅडमना पटली नाही. चौथ्या मुलाबद्दल विचारलं तर "तो विषय वेगळा आहे" म्हणाल्या. वेगळा कसा, ते लेखी मागितलंय. अर्जावर शिक्का मिळाला.

सरांच्या टेबलापाशी जाऊन आलो. चिठ्ठी काढलीय. पासवर्ड तोच आहे, पोरगा सांगत होता.

लॅबवाला_निपाणी

त्याला कसं कळलं तोच आहे म्हणून???

टिळकवाडीचा_बाप

वर्गातली पोरं सांगतात म्हणे. बघतो त्याच्याकडे संध्याकाळी.

अंगोळची_आई

माझ्या भाचीची टीसी फी बाकी म्हणून अडवलीय, ती सहावीत आहे. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

कोर्टाच्या_मागे

वेगळा काढा. आणि ताई, शाळा कुणाची, बोर्ड कुठलं, हे पहिल्याच ओळीत लिहा.