आधी ‘बळी’ वाचा

मराठी लेखिकांच्या कादंबऱ्या वाचायच्या तर विभावरी शिरूरकर म्हणजे शिकलेल्या मुलींच्या लग्नाचीच दुखणी, त्यांना वगळून थेट गौरी देशपांडेंकडे जा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. ‘कळ्यांचे निःश्वास’पुरतं (१९३३) एकवेळ मान्य, आणि त्या तर कथा. पण १९५० ची ‘बळी’ राहिलीच की! गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवत, त्या वसाहतीतली ही कादंबरी. लेखिकेने सोलापूरच्या अशा वसाहतीत स्वतः नोकरी केली होती, आणि ते पानापानावर जाणवतं. गौरीबाई त्यानंतर जरूर वाचा.

मी ‘बळी’ पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून आणली. आईला रोज तिन्हीसांजेनंतर दहा-बारा पानं वाचून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जेवण राहू दे, आज पुरी कर.