कविराजमार्गाचं श्रेय राजाला का द्यायचं?

कृष्णाकाठ: कन्नडमधला आज हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे काव्यशास्त्रावरचा कविराजमार्ग, साधारण इ. स. ८५०चा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाने तो लिहिला, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. मला हे पटत नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ग्रंथ 'नृपतुंगदेवानुमत', म्हणजे नृपतुंगाला संमत, असल्याचं नोंदवलं आहे. स्वतःच्याच ग्रंथाला कोणी स्वतःची संमती देतं का? लिहिणारा दरबारी कवी श्रीविजय. मान त्याला मिळायला हवा.

मान्यखेट: लेखक श्रीविजय, मान्य. पण राजाचा वाटा एवढ्याने संपत नाही. त्या काळात विद्येची भाषा संस्कृत. राजाचे गुरू जिनसेन संस्कृतात लिहिणारे, महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह संस्कृतात, खुद्द राजाच्या नावावरची प्रश्नोत्तररत्नमालिकाही संस्कृतात. अशा दरबाराने दंडीचा काव्यादर्श हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ समोर ठेवून देशभाषेचं काव्यशास्त्र उभं करायला पाठबळ दिलं. राजमुद्रेशिवाय ही प्रतिष्ठा कन्नडला इतक्या लवकर मिळाली नसती. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा कन्नड देश आखणारी नजरही साम्राज्याचीच आहे.

कृष्णाकाठ: प्रतिष्ठा आधीच होती हो! हल्मिडीचा कन्नड शिलालेख पाचव्या शतकातला. आणि याच ग्रंथात विमलोदय, नागार्जुन, जयबंधु, दुर्विनीत हे आधीचे गद्यकार नावानिशी आहेत, बेदंडे आणि चत्ताण हे देशी काव्यप्रकारही आहेत. शिवाय या मुलखातली माणसं मुद्दाम न शिकताही काव्यात निपुण असतात, असं तो सांगतो. मला सगळ्या ग्रंथात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. ही निपुणता राजाने दिलेली नाही.

गोदातीर: गोदावरीचा उल्लेख आला की आपल्याकडे काहींना राग येतो. नवव्या शतकाच्या भाषाप्रदेशावर १९५६च्या राज्यसीमा लादू नका, एवढंच. १८९८मध्ये हा ग्रंथ संपादून छापला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी जोडलेल्या के. बी. पाठकांनी.

मान्यखेट: कृष्णाकाठ, त्या गद्यकारांपैकी कोणाचा कन्नड ग्रंथ आज वाचायला मिळतो? टिकला तो दरबारातलाच. पुढेही पाहा: पंप कवीला मांडलिक राजा अरिकेसरीचा आश्रय, पोन्न कवीला राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाकडून 'उभयकविचक्रवर्ती' ही पदवी. आश्रय काढून घ्या, मग दहाव्या शतकातलं काय उरतं?

कृष्णाकाठ: राष्ट्रकूटांची सत्ता ९७३मध्ये गेली. त्यानंतरची नऊ शतकं पोथी जगवली ती नकला करणाऱ्यांनी, अमोघवर्षाच्या दरबाराने नव्हे. आणि आश्रयाची किंमतही मोजावी लागते. पंपाने ९४१च्या सुमारास महाभारत कन्नडात आणलं, त्यात अर्जुनाच्या जागी आपला आश्रयदाता बसवला. पंप थोर कवी, म्हणून ते काव्य तरलं. एका मांडलिक राजाला अर्जुन करायला लावणारी व्यवस्था मला तरी थोर म्हणवत नाही.