पुस्तिकेवरचा श्लोक आणि आतलं शेवटचं पान

धरमपेठकर:
नागपुरातल्या परिचय मेळाव्यांच्या बऱ्याच पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ असतं, आणि विधवा-घटस्फोटितांचा विभाग मात्र पार शेवटी. श्लोक टाकायचाच तर आजूबाजूचंही वाचा. मीमांसेत, म्हणजे शास्त्रवचनांचा अर्थ लावायच्या शास्त्रात, तात्पर्य काढताना आधी उपक्रम-उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट, पाहतात. मनूचा हा श्लोक ३.५६. त्याआधी ३.५५ मध्ये बाप, भाऊ, नवरा, दीर यांनी बायकांना मान द्यावा, सजवावं असं आहे. पुढं ३.५९ मध्ये ही पूजा कशानं करायची तेही सांगितलंय: ‘भूषणाच्छादनाशनैः’, म्हणजे दागिने, कपडे, जेवण. हक्काचा इथं विषयच नाही. पुनर्विवाहाला आधारच हवा असेल तर पराशरस्मृती घ्या: ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ’. नवरा बेपत्ता, मृत, संन्यासी, नपुंसक किंवा पतित झाला तर दुसरा पती विहित आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हाच श्लोक पुढं केला आणि १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा झाला.

महालातली संस्कृतवाली:
भाऊ, मग तुमचाच नियम तुम्हाला लावते. पराशराचे पुढचे दोन श्लोक काहून सोडले? एकात नवरा गेल्यावर ब्रह्मचर्यानं राहणारीला स्वर्ग आहे. दुसऱ्यात सहगमन करणारीला, म्हणजे सती जाणारीला, अंगावरच्या केसांइतकी, म्हणजे साडेतीन कोटी वर्षं स्वर्ग. तिन्ही वाटा एका रांगेत आहेत आणि तुम्ही त्यातली सोयीची उचलली. शिवाय ‘पतौ’चं काय करता? समासाबाहेर ‘पति’ची सप्तमी ‘पत्यौ’ होते, पाणिनी १.४.८. म्हणून पुनर्विवाहाच्या विरोधकांनी ‘पतितेऽपतौ’ असा अवग्रह, म्हणजे लोपलेल्या ‘अ’ची खूण, घातला. अपती म्हणजे फक्त वाङ्निश्चय झालेला.

धरमपेठकर:
पुढचे दोन श्लोक मी गाळले, कबूल. अवग्रह मात्र टिकत नाही, ताई. हाच श्लोक नारदस्मृतीत आहे आणि तिथं लगेच मुदत दिलीय: नवरा परदेशी गेला तर ब्राह्मणीनं आठ वर्षं थांबावं, मूल झालेलं नसेल तर चार. नुसता वाङ्निश्चय असता तर मूल झालं की नाही हा प्रश्न येतोच कुठं? स्मृतींमध्ये असे आर्ष, म्हणजे व्याकरणाच्या नियमात न बसणारे जुने, प्रयोग सापडतात. पाणिनीचं सूत्र लावून अर्थच फिरवता येत नाही.

इंदोरा चौक:
तुमचा अवग्रह चालू द्या, राजेहो. पण हे सगळं कोणासाठी करून राहिले? आपल्याकडं कित्येक जातींत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागतच होता, त्यांना पराशराची गरज नव्हती. उलट १८५६ च्या कायद्याच्या कलम २ नं पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क गेला. मुंबई हायकोर्टानं ते पाटवाल्या जातींनाही लावलं, अलाहाबादनं नाही लावलं. म्हणजे श्लोकाच्या जोरावर आलेला कायदा ज्यांना नको होता त्यांच्याच जमिनीवर बसला. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनं जी वाट निघाली ती ही वकिली सोडूनच. आज हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये याबाबत अट एकच, लग्नाच्या वेळी जोडीदार हयात नको. विधवेचं लग्न त्यात आपसूकच बसतं.

धरमपेठकर:
कायद्याबद्दल वाद नाही. पण घरी आजेसासू ‘शास्त्रात बसतं का?’ विचारते, तेव्हा कलम ५ सांगून भागत नाही. नारद सांगितला तर ती निदान ऐकून तरी घेते.

इंदोरा चौक:
आणि तिनं पुढचा श्लोक मागितला तर? साडेतीन कोटी वर्षं?

महालातली संस्कृतवाली:
आजेसासू पुढचा श्लोक मागत नाही, भटजी मागतो. त्याच्यासाठी नारदाची मुदत पुरते. पुस्तिकेचं मात्र सोपं आहे. सगळ्या नोंदी जन्मतारखेनं लावा, वैवाहिक स्थिती नोंदीतच एका ओळीत. वेगळा विभागच नको. मुखपृष्ठावर मनू हवाच असेल तर ३.५९ छापा, मागच्या पानावरच्या सराफाच्या जाहिरातीला शोभून दिसेल.