पुनः: फलक ३ – "३ च्या वर म्हणजे बायोप्सी" हे वाक्य राहू द्यायचं का?

प्रेषक: मीनल | गुरुवार, १८:१०

मंडळी,
मराठी मंडळाच्या शनिवारच्या फलकांची फाइल उद्या सकाळी ९ ला छपाईला जातेय. फलक १, २, ४ झाले. ३ वर (प्रोस्टेट कर्करोगासाठीची पीएसए ही रक्ततपासणी) घोडं अडलंय. सध्याचं वाक्य: "पन्नाशीनंतर पीएसए तपासून घ्या, ३ च्या वर आलं तर बायोप्सी." श्रीकांतकाका म्हणतात चूक, निखिल म्हणतो दोन ओळींत एवढंच मावतं. जागा फार तर दोनशे अक्षरांची. काय ते इथेच ठरवा, मला वेगवेगळे फोन नकोत. आणि कृपा करून मागच्या वर्षीसारखी छापून झाल्यावर स्टिकर चिकटवायची वेळ आणू नका.

---

प्रेषक: श्रीकांत | १८:५२

मीनल, वाक्य चूक तर आहेच, पण आपल्या योतेबोरीतल्या (स्वीडन) सालग्रेन्स्का रुग्णालयाच्या ज्या कामावर हा फलक आहे त्यानेच ते मोडीत काढलंय, ही त्यातली गंमत.

इथे दोन अभ्यास झाले. पहिल्यात १९३० ते १९४४ मध्ये जन्मलेल्या २०,००० पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एका गटाला दर दोन वर्षांनी पीएसएसाठी बोलावलं. १४ वर्षांनंतर त्या गटातले प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते (२०१० चा निष्कर्ष). तपासणीने जीव वाचतात, हे त्यातून कळलं. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १२ जास्तीच्या पुरुषांच्या कपाळी कर्करोगाचं निदान आलं. त्यातल्या बऱ्याच जणांना त्या गाठीने आयुष्यभरात काही केलं नसतं.

दुसरा अभ्यास ही किंमत कमी करण्यासाठी. युनास हुगोसॉन आणि सहकारी, २०२२. ५० ते ६० वयाच्या ३७,८८७ जणांना बोलावलं, १७,९८० आले. पीएसए ३ किंवा जास्त आलेल्या सगळ्यांचा एमआरआय. पुढे फरक असा: जुन्या पद्धतीच्या गटात एमआरआय स्वच्छ असला तरी ठरावीक जागांवर बायोप्सीच्या सुया मारल्या आणि डाग असेल तर त्यातूनही नमुना घेतला. नव्या पद्धतीत डाग असेल तरच सुई, तीही त्या डागातच. निरुपद्रवी कर्करोगाचं निदान १.२ टक्क्यांवरून ०.६ वर आलं. उपचारायोग्य कर्करोग १.१ विरुद्ध ०.९ टक्के, हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

म्हणजे मधली एमआरआयची पायरी गाळली तर फलकाला अर्थच उरत नाही. पन्नाशीला तपासणीचं पत्र आलं की माणूस थेट सुईला घाबरतो आणि रक्तसुद्धा देत नाही.

---

प्रेषक: निखिल | १९:१५

काका, पटलं. मग असं करू का: "३ किंवा जास्त → एमआरआय → डाग दिसला तरच बायोप्सी". बाण वापरले की जागा वाचते. आणि "३ च्या वर" चूकच होतं, नेमका ३.० आलेला माणूस त्यात बसत नाही.

पण ३ कशाचे? पुण्याहून आणलेल्या रिपोर्टवर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, इथे मायक्रोग्रॅम प्रति लिटर. हजाराने गुणायचं का भागायचं? शनिवारी प्रत्येक जण हेच विचारणार.

---

प्रेषक: अपर्णा | १९:४०

निखिल, काहीच करायचं नाही. वरचं हजारपट, खालचंही हजारपट. ४.२ तिकडे, ४.२ इकडे.

गोंधळ होतो तो दुसऱ्या चाचण्यांत. खाली देतेय, फलक १ च्या तळाला टाका, तिथे जागा आहे:
क्रिएटिनिन: तिकडचे मिलिग्रॅम/डेसिलिटर × ८८.४ = इथले मायक्रोमोल/लिटर. १.० म्हणजे ८८.
साखर: तिकडचा आकडा ÷ १८. १२६ म्हणजे ७.०.
एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर): ७ टक्के म्हणजे इथले ५३. ५३ बघून "साखर एवढी खाली?" असं समजणारे भेटतात.
हिमोग्लोबिन: १३.५ म्हणजे १३५.

पीएसएबाबत फलकावर यायला हवं ते वेगळंच. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची औषधं) घेणाऱ्याचा आकडा सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्मा होतो. अशा माणसाचा २ आला तर तो ४ धरायचा. केसांसाठीची १ मिलिग्रॅमची गोळीसुद्धा यात येते, आणि ती "औषध" म्हणून कोणी सांगत नाही. उलट बाजूने, लघवीच्या संसर्गाने आकडा चढतो आणि उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. तेव्हा काढलेल्या रक्तावर काही ठरवू नये. वीर्यस्खलनानंतर दोन दिवस थांबलेलं बरं.

---

प्रेषक: निखिल | १९:४८

ताई, हे दोनशे अक्षरांत?

---

प्रेषक: अपर्णा | १९:५०

केसांची गोळी तेवढी घाला. बाकीचं मी टेबलाशी उभी राहून सांगेन.

---

प्रेषक: वसंत | २०:०५

फलक २ दातांसाठी टायटॅनियमचे स्क्रू आणणाऱ्या ब्रोनेमार्क यांचा, ३ वर एमआरआय. दोन्ही शेजारी लागणार. दातांचे टायटॅनियमचे स्क्रू असलेला माणूस २ वाचून ३ कडे आला की पहिला प्रश्न: मला एमआरआय चालेल का?

उत्तर तयार ठेवा. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. चित्र बिघडतं ते धातूच्या आसपासचं, आणि जबड्यापासून प्रोस्टेट लांब आहे. खुब्याचा कृत्रिम सांधा ही मात्र वेगळी गोष्ट. तो अगदी शेजारी असतो, आणि प्रोस्टेटसाठी सगळ्यात महत्त्वाची जी डिफ्यूजनची (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारी) चित्रं, तीच त्याने आधी विस्कटतात. गुदाशयात वायू साठला तरी तेच. पेसमेकर असेल तर वेळ ठरवतानाच सांगायचं, तपासणीच्या दारात नाही.

जाता जाता: फलक २ वर "टायटॅनियम हाडाला धरतं हा शोध योतेबोरीचा" असं आहे. हे पहिल्यांदा ज्यात दिसलं तो सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा कक्ष लुंडमधला, १९५० च्या दशकातला. योतेबोरीचा आहे तो १९६५ चा पहिला रुग्ण. लुंडहून चार गाड्या येणार आहेत, सांभाळा.

---

प्रेषक: मीनल | २०:२०

फलक २ वर चर्चा नको. "शोध" काढून "पहिला रुग्ण, १९६५" केलं. झालं.

---

प्रेषक: शुभदा | २०:३१

मग फलक ४ वर पण एक ओळ हवी. गर्भाशय प्रत्यारोपण, मॅट्स ब्रॅन्स्ट्रॉम, सप्टेंबर २०१४ चं पहिलं बाळ, सगळं आहे. पुणे कुठे आहे? मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने गॅलक्सी केअरमध्ये भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, आईचं गर्भाशय मुलीला. ऑक्टोबर २०१८ मध्ये बाळ झालं. मराठी मंडळाच्या फलकावर हे नसेल तर मग काय?

---

प्रेषक: श्रीकांत | २०:४९

शुभदाताई, ओळ जरूर घाला, पण "तेच ऑपरेशन पुण्यात" असं लिहू नका. इथल्या पहिल्या मालिकेत दात्याचं पोट उघडून गर्भाशय काढलं, एकेका शस्त्रक्रियेला दहा तासांहून जास्त लागले. पुण्यात ते दुर्बिणीतून काढलं. वेळ जातो तो गर्भाशयाच्या धमन्या आणि खोलवरच्या नाजूक शिरा मूत्रवाहिनीपासून सोडवण्यात, आणि दुर्बिणीचा फायदा नेमका तिथेच आहे.

आणि ४ वर "नऊ प्रत्यारोपणं, नऊ यशस्वी" असं कोणी लिहिलं? नऊ झाली, त्यातली दोन गर्भाशयं पहिल्या काही महिन्यांतच काढावी लागली: एकात धमन्यांमध्ये गुठळ्या, दुसऱ्यात न हटणारा संसर्ग. सात टिकली.

गर्भनलिका जोडत नाहीत, म्हणून भ्रूण आधीच बाहेर तयार करून गोठवून ठेवतात, हेही लिहा. "मग नैसर्गिक गर्भ राहील ना?" असं लोक विचारतातच. एक-दोन बाळंतपणं झाली की गर्भाशय काढून टाकतात, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवता येतात.

---

प्रेषक: मीनल | २०:५५

काका, ४ "झालेला" होता.

---

प्रेषक: वसंत | २१:०२

फलक १ पण बघा मग. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के किंवा जास्त असेल तर मास्क लावून फायदा नाही, हा २०१७ चा अभ्यास एकट्या सालग्रेन्स्काचा नव्हे. ६,६२९ रुग्ण, देशभरातली ३५ रुग्णालयं, मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन ६ ते १२ तास. वर्षभरातले मृत्यू ऑक्सिजन दिलेल्यांत ५.० आणि न दिलेल्यांत ५.१ टक्के. राष्ट्रीय हृदयनोंदणीतच चिठ्ठ्या टाकल्या, म्हणून एवढा मोठा अभ्यास जमला. "स्वीडनमध्ये" लिहा, पुरे.

---

प्रेषक: निखिल | २१:१०

केलं. ३ वर परत या. एमआरआयवर डाग पुसट असेल तर?

---

प्रेषक: श्रीकांत | २१:२६

तिथे घनता बघतात: पीएसए भागिले ग्रंथीचं आकारमान, मिलिलिटरमध्ये. बहुतेक ठिकाणी ०.१५ ही सीमा धरतात. पीएसए ४.५ आणि ग्रंथी ५० मिलिलिटर, तर ०.०९. थोरल्या ग्रंथीचा आकडा थोरला, घाई नाही. तोच ४.५ पण ग्रंथी २५ ची, तर ०.१८, मग पुसट डागही सोडत नाहीत. फलकावर नको, विचारलं तर सांगा.

एक मात्र फलकावर हवंच: वय. अभ्यास ५० ते ६० वाल्यांचा. उन्हाळ्यात इकडे आलेल्या अठ्ठ्याहत्तरीच्या वडिलांना हा फलक दाखवून रक्त तपासायला नेऊ नका. त्या वयात लघवीची तक्रार असेल तर डॉक्टर तक्रारीसाठी तपासतील, ती तक्रार नसलेल्यांची सरसकट चाळणी नव्हे.

---

प्रेषक: अपर्णा | २१:३३

आणि पहिला आकडा कमी आला म्हणजे कायमची सुटका नाही. अभ्यासात पुढचं बोलावणं आकड्यानुसार २, ४ किंवा ८ वर्षांनी होतं.

---

प्रेषक: मीनल | २२:१५

अंतिम:
"वय ५०–६०: पीएसए ३ किंवा जास्त → एमआरआय → डाग दिसला तरच बायोप्सी. पुण्याचा व इथला आकडा एकच. केसांसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर आधी सांगा."

निखिलने अक्षरं मोजली, बसतंय. ४ वर पुणे आलं, नवाचे सात झाले. अपर्णाताईंचा तक्ता १ च्या तळाला. फाइल पाठवतेय.

---

प्रेषक: वसंत | २२:२१

बाणाच्या आधी मोकळी जागा सोडलीस ना? मागच्या वेळी छापताना बाण आकड्याला चिकटून ३ चा ३१ वाटत होता.

---

प्रेषक: मीनल | २२:२३

सोडली.